पाय ठेवायला जागा

१

सकाळी दुकानाचं शटर उघडण्याआधी वहिनीला चहा नेऊन द्यायचा, हे दादा गेल्यापासून माझं काम झालं. त्याआधी ते दादाचं होतं. खाली आमचं फ्रेमचं दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि वरच्या मागच्या खोलीत वहिनी चित्रं काढायची. त्या खोलीला एकच मोठी खिडकी आहे. तिच्यातून ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो. म्हणून लग्नानंतर दादानं ती खोली वहिनीला देऊन टाकली आणि स्वतःचा लाकडाचा साठा जिन्याखाली हलवला. पुढं कित्येक वर्षं त्याचं डोकं त्या जिन्याला आपटत राहिलं, पण खोली परत मागितली नाही.

मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. दुकानात लाकूड त्याचं, काच आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, माझं, अशी आमची वाटणी होती. वहिनी शाळेत चित्रकला शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राकाठचे खडक रंगवायची. दुसरं काही नाही, फक्त खडक. ब्रश तिच्या हातात फारसा टिकत नसे. रंगाची सुरी घ्यायची, लोण्यासारखा गोळा उचलायचा आणि कॅनव्हासवर थापायचा, ओढायचा, मुरडायचा. वाळलेल्या चित्रावरून हात फिरवला तर तळव्याला खरोखरचा खडक लागायचा. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्या चित्राला फ्रेम नको, कुंपण घालायला पाहिजे." वरून वहिनीचा आवाज यायचा, "त्याला म्हणावं, आधी माप नीट घे."

त्या रविवारी मी दुकानात होते. ते दोघं नेहमीच्या जागी गेले होते. चित्र निम्मं झाल्यावर वहिनीला वाटलं, खडक केवढे आहेत ते कळत नाहीये, एखादं माणूस हवं. ती म्हणाली, "जरा त्या काळ्या खडकावर जाऊन उभा राहतोस का?" तो गेला. कमरेवर हात ठेवून, पोट आत ओढून, राजासारखा उभा राहिला. तिनं सुरीच्या टोकानं त्याला एका फटक्यात चित्रात आणला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा शर्ट, तांदळाच्या दाण्याएवढा माणूस. मग पँटचा रंग कालवायला तिनं मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा खडक ओला होता आणि त्याच्यावर कोणी नव्हतं.

हाक नाही, आवाज नाही. होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले, मग तेही थांबले. दादा सापडला नाही. ते चित्र वहिनीनं ओलं तसंच घरी आणलं आणि खिडकीसमोरच्या ईझलवर ठेवलं. शाळेतून तिनं लांबची रजा घेतली. चित्राला हात लावत नसे, समोर बसून राहायची.

असेच काही महिने गेले. एका सकाळी मी चहा ठेवला आणि सहज चित्राकडं बघितलं, तर काळ्या खडकावर पिवळा ठिपका नव्हता. मला वाटलं, बघवत नसेल तिला. मीही हेच केलं असतं.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"काय?"

"दादाला काढलंस ते."

वहिनीनं कप खाली ठेवला. "मी नाही काढलं," ती म्हणाली.

२

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. दुःखात माणूस काय करतो ते त्याचं त्याला आठवत नाही, हे मला ठाऊक होतं. मीच एकदा दादाच्या ताटात वाढून ठेवलं होतं आणि ते जेवण झाल्यावर लक्षात आलं होतं.

पण खटकलं ते वेगळंच. आमच्याकडं जुनी चित्रं दुरुस्तीला येतात. रंग खरवडला की तिथं डाग राहतो, कॅनव्हासचे धागे पिंजतात, आजूबाजूचा रंग ओढला जातो. इथं तसं काही नव्हतं. खडक होता तसा काळा, गुबगुबीत, अखंड. जणू त्यावर कधी कोणी उभंच राहिलं नव्हतं.

आणि तो ओला होता. बाकीचं चित्र वाळून खडखडीत झालं होतं. आकाश, डावीकडचा किनारा, लांबचा समुद्र, सगळं. फक्त तो एक खडक आणि त्याच्या पायथ्याचं पाणी बोटाला लागत होतं. काळा रंग उशिरा वाळतो, जाड थर तर त्याहून उशिरा. हे मी स्वतःला जिना उतरता उतरता सांगितलं आणि खालच्या पायरीवर पोचेपर्यंत ते मला पटलंही.

मग रेघा दिसल्या. खडकाच्या कडेवरून निघून पाण्यापर्यंत उतरलेल्या, फणीच्या दातांनी ओढाव्यात तशा बारीक. सोनेरी वर्ख लावताना वापरायचं भिंग मी वर नेलं. चार रेघा शेजारी शेजारी. जरा बाजूला आणखी चार. सगळ्या वरून खाली.

"पाल फिरली असेल रंगावरून," मी म्हणाले.

वहिनीनं माझ्या हातातून भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं. "पाल असती तर आली तशी गेली असती," ती म्हणाली. "ह्या रेघा पाण्यात जाऊन संपतात, चिमू."

चिमू हे दादानं ठेवलेलं नाव. त्याच्या तोंडून तिच्या तोंडी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या रेघा बुजल्या होत्या आणि नव्या उमटल्या होत्या, त्याच जागी. मी वहिनीच्या हाताकडं बघून घेतलं. नखं स्वच्छ होती. तिनं मला बघताना पाहिलं आणि दोन्ही पंजे उलटे करून पुढं धरले, शाळेत मुलं नखं दाखवतात तसे. मला माझीच लाज वाटली.

३

त्याच आठवड्यात वहिनीनं पुन्हा सुरी हातात घेतली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हात चालू लागला की माणूस सावरतं, असं मला वाटायचं. दादा गेल्यानंतर मीही काचेच्या जोरावरच उभी राहिले होते. काच कापताना दुसरा विचार आला की बोट जातं.

ती चित्रात दुसरं काही करत नव्हती. काळ्या खडकाच्या अंगावर, पाण्याच्या बाजूनं, रंग चढवत होती. गोळा थापायचा, सुरीच्या कडेनं त्याला धार द्यायची, वरून चपटं करायचं. त्याच्यावर दुसरा, जरा आत सरकवून. संध्याकाळपर्यंत खडकाला खांदे फुटलेले असायचे. सकाळी ते खांदे खाली घसरलेले असायचे आणि त्यांच्यावरून त्या रेघा गेलेल्या असायच्या. आता त्या फणीच्या दातांएवढ्या राहिल्या नव्हत्या. काडेपेटीच्या काडीएवढ्या झाल्या होत्या.

रंगाचा दुकानदार मला ओळखून होता. मोठे डबे मागायला लागले तेव्हा म्हणाला, "काय ताई, घर रंगवायला काढलं की काय?"

"वहिनी चित्र करतेय," मी म्हणाले.

"कितवं?"

"एकच."

तो हसणार होता, पण माझ्याकडं बघून थांबला. मग त्यानं आपणहून संगमरवराच्या भुकटीची पिशवी काढून दिली. म्हणाला, "हे मिसळा म्हणावं. रंग घट्ट होईल, बसणार नाही."

मी पिशवी वहिनीपुढं ठेवली तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी जवळ ओढली. एवढा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. मी तिच्याशेजारी स्टुलावर बसले.

"वहिनी, काय करतेयस तू नक्की?"

"दिसतंय की."

"खडक आधीच पुरे होते चित्रात."

ती भुकटी रंगात कालवत राहिली. सुरीचा आवाज तेवढा येत होता, काचेवर वाळू घासल्यासारखा.

"तो खडक बाजूनं गुळगुळीत होता, चिमू," ती म्हणाली. "मी तसा काढला होता. नुसता एक फटकारा, वरून खाली. मला काय माहीत, त्याला धरायला काही लागेल म्हणून? पाय ठेवायला जागा नको का त्याला?"

४

त्या दिवशी मी ठरवलं की याचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा. वेड तिला लागलंय की मला, एवढं तरी कळायला हवं होतं.

मी तिला सांगितलं की कॅनव्हास झोल खातोय, पाचरी ठोकायला हव्यात, चित्र खाली नेते. ते खोटं नव्हतं. रंगाच्या वजनानं कॅनव्हासला पोट सुटलं होतं. वहिनी जिन्यात उभी राहून बघत होती. "सांभाळून," एवढंच म्हणाली. पोर दवाखान्यात नेताना म्हणावं तसं.

खाली मी ते कामाच्या टेबलावर आडवं ठेवलं, रंगाची बाजू वर करून. आडव्या चित्रातला रंग ओघळणार कुठं? चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून वर एक फळी टाकली, म्हणजे पाल नको आणि उंदीर नको. शटर ओढलं, आतून कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. आणि वहिनीला म्हणाले, "आज माझ्या खोलीत झोप. एकटीला करमत नाही." ती आली. आम्ही दोघी एका पलंगावर झोपलो, पाठीला पाठ लावून. तिच्या खोकल्यानं मला मधूनमधून जाग यायची, आणि दर वेळी ती तिथंच होती.

सकाळी मी एकटीच खाली आले. फळी होती तशी होती. ती उचलताना मी स्वतःशी म्हणाले, काही नसणार. मोठ्यानं म्हणाले.

आदल्या संध्याकाळी वहिनीनं चढवलेले खांदे मोडले होते. रेघा आता बोटांएवढ्या रुंद होत्या. खडकाच्या माथ्यापासून थोडंसं खालून निघून थेट हिरव्या पाण्यात गेल्या होत्या आणि त्यांच्या पुढं रंगाची भेंडोळी साचली होती. उजवीकडच्या चारांतली डावीकडची रेघ बाकीच्यांपेक्षा खाली सुरू होत होती.

मी तिच्यावर बोट ठेवलं. मग काढून घेतलं.

दादाच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. आम्ही नुकतंच दुकान सांभाळायला लागलो होतो तेव्हा पट्टी कापायच्या यंत्रात गेलं. रुमाल गुंडाळून मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि तो वाटेत म्हणाला होता, "आता मी कोणाकडं बोट दाखवलं तर अर्धाच आरोप धर."

मी टेबलापाशी बसले. शटरच्या फटीतून उजेड आत येत होता, बाहेर लोक कामाला चालले होते, कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. चित्रातल्या पाण्याचा एक कोपरा अजून हलत होता. रंग बसत होता, एवढंच. जाड रंग असा हळूहळू बसतो.

वर जाऊन मी वहिनीला म्हणाले, "भुकटी अजून आणू का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग तोंडावर पदर घेऊन ती रडायला लागली. दादा गेल्यावर पहिल्यांदाच ती माझ्यासमोर रडली.

५

पुढचे दिवस चांगले होते. हे सांगताना मला कसंतरी होतं, पण होते.

मी चित्राच्या मागून आडव्या पट्ट्या मारल्या, दादाच्याच लाकडाच्या. वहिनीला रंग कालवून द्यायचं काम माझ्याकडं आलं. किती तेल, किती भुकटी, कुठला थर आधी, हे आम्ही स्वयंपाक करताना बोलावं तसं बोलायचो. ती खडकाला खाचा पाडायची, मी म्हणायचे, "ही उजवीकडं घे, तो उजव्यानं धरतो." ती म्हणायची, "त्या बोटाला जोर कुठाय?" आणि आम्ही हसायचो. शेजारच्या शिंपीणबाई एकदा दुकानाच्या दारात भेटल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, घरातून हसण्याचा आवाज आला."

मी कपाटातले दादाचे कपडे काढून धुतले, इस्त्री केली आणि परत ठेवले. वहिनीला सांगितलं नाही. तिनं कधीतरी कपाट उघडलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर एक कोरा टॉवेल ठेवलेला होता.

सकाळी आम्ही दोघी मिळून चित्रापुढं उभ्या राहायचो. रेघा रोज आणखी वरून सुरू व्हायच्या. खडकाच्या माथ्यापासून बोटभर खाली. मग अर्धं बोट. आम्ही एकमेकींकडं बघायचो. रेघा खाली पाण्यात जात होत्या, हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. आम्ही फक्त त्या सुरू कुठून होतात तेवढं बघत होतो.

आणि एका दुपारी आवाज आला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, मी अंडी सोलत होते. वरच्या मागच्या खोलीत कोणी नव्हतं. पहिल्यांदा बारीक थपथप झाली, ओल्या मातीवर तळवा मारल्यासारखी. थांबली. पुन्हा झाली, जरा वरून. वहिनीनं माझं मनगट धरलं. पुन्हा एकदा थप्, अगदी वर, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी मनातल्या मनात लहानपणी म्हणायचे तसं म्हणत होते, ये, ये, ये.

मग घसरण्याचा आवाज आला. लांब, सावकाश, लोण्यावरून सुरी ओढावी तसा. शेवटी काहीतरी बुडाल्यासारखं झालं, पण ते इतकं लहान की रस्त्यावरचं असू शकेल.

"उद्या," मी म्हणाले.

वहिनीनं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

६

त्या दिवसापासून ती दुपारी खोली सोडेना. मी दुकानात असायचे. गिऱ्हाइकांना खोळंबवून किती दिवस चालणार होतं?

एक माणूस मुलीच्या लग्नाचा फोटो घेऊन आला होता आणि माउंट पांढरा की सायीच्या रंगाचा यावर त्याचं बायकोशी चाललं होतं. तेवढ्यात वहिनी जिन्यावरून खाली आली. हातात सुरी, आणि चेहरा असा की त्या दोघांनी आपणहून फोटो आवरला. ती त्यांना म्हणाली, "उद्या या हं." अगदी शांतपणे म्हणाली. मग मला म्हणाली, "शटर लाव."

आम्ही वर गेलो. चित्रातल्या रेघा ताज्या होत्या. खडकाच्या अगदी माथ्यापासून निघालेल्या. वरच्या सपाट भागावर चार खळगे पडले होते, बोटं रुतून घट्ट धरल्यावर पडतात तसे. तिथून पुढं सगळा खडक सोलल्यासारखा खाली गेला होता.

"वर पोचला होता," मी म्हणाले. "वहिनी, वर पोचला होता तो."

"मी बघितलं."

"काय?"

"हात." ती स्टुलावर बसली. "आणि मग त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं."

मला पुढं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "कसा आहे?"

वहिनीनं खिडकीकडं बघितलं. खिडकीत काही नव्हतं, नुसता तो ऊन नसलेला उजेड.

"दमलाय," ती म्हणाली. "खूप दमलाय ग तो."

मी रंगाचा डबा पुढं ओढला. झाकण उघडायला पटाशी लागते, ती शोधायला लागले. ती म्हणाली, "नको."

"आज जाड थर देऊ. उद्या नक्की..."

"चिमू, ऐक. आपण रोज त्याला जागा करून देतो. रोज तो निघतो. रोज पडतो. एकदा बुडाला तेवढं पुरे नव्हतं का त्याला? मी एकदा त्याला उभं राहायला सांगितलं. आता रोज सांगतेय."

"आता बोटभरसुद्धा राहिलं नाही."

"आणि आला वर, तर?" तिनं विचारलं. "इतके महिने पाण्यात असलेला माणूस. आला, तर कसा येईल, हा विचार केलायस?"

"मी त्याचे कपडे धुऊन ठेवलेत," मी म्हणाले.

ती उठली आणि तिनं मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास येत होता. "माहिती आहे," ती म्हणाली. "टॉवेल मीच ठेवला."

मी तिला खूप बोलले त्या दिवशी. दादा तुझा नवरा बारा-पंधरा वर्षांचा, माझा भाऊ जन्माचा, असंही बोलले. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी माझं बोलणं संपलं. खोलीत शांत झालं, आणि त्या शांततेत चित्राकडून बारीक थपथप सुरू झाली, खाली, अगदी पाण्यालगत. तो पुन्हा निघाला होता.

सबंध दुपार आम्ही तिथं उभ्या राहून ते ऐकलं. तो किती वेळा चढला ते मी मोजलं नाही. शेवटी शेवटी दोन थापांच्या मधली जागा वाढत गेली. धाप लागलेला माणूस जिन्यात थांबतो तशी. मग तो तिथंच थांबू लागला, पहिल्याच खाचेपाशी, आणि तिथूनच घसरू लागला.

"खडक कधी काढायचा?" मी विचारलं.

"सकाळी," वहिनी म्हणाली. "उजेडात."

७

जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, चित्र ईझलवरच ठेवलं आणि दोघींनी रुंद पात्याच्या सुऱ्या घेतल्या. वहिनीनं माथ्यापासून सुरुवात केली. इतक्या महिन्यांचा रंग मऊ सोलून यायचा, ढेकळं होऊन कागदावर पडायचा. तिनं केलेली एकेक खाच मला ओळखू येत होती. ही उजव्या हाताची, ही गुडघा टेकायला. तिचा हात निम्म्यापर्यंत ठीक चालला, मग थांबला. खडकाचा खालचा भाग आणि त्याखालचं पाणी राहिलं होतं.

"दे इकडं," मी म्हणाले.

ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मी खडक काढला. खाली नुसता कॅनव्हास, त्याचे धागे, पांढरे. आता पाणी तेवढं उरलं. हिरवा रंग, त्याच्यात काळा, सगळ्यात जाड थर तोच, कारण रोज सगळं घसरून तिथंच जात होतं. मी सुरी कडेनं आत घातली. ती गेली. जेवढी जायला हवी त्याहून जास्त गेली. मागं कॅनव्हास लागेना. माझी बोटं रंगात बुडाली, मग मूठ बुडाली. आत गार होतं. चित्राच्या मागं माझ्याच हातानं मारलेल्या पट्ट्या होत्या, त्यांच्या पलीकडं भिंत होती, हे मला माहीत होतं. हे मी स्वतःला सांगत होते, त्याच वेळी कोणीतरी माझं मनगट धरलं.

मी ओरडले नाही. ओढ जोराची नव्हती. बुडणारा माणूस धरतो तशी तर मुळीच नव्हती. रस्ता ओलांडताना मोठा माणूस लहान पोराचं मनगट धरतो, तशी होती. हिरव्या रंगाखाली काहीतरी फिकट वर येत होतं, हळूहळू, माझ्याकडं तोंड करून. मला वाटतं, मी डोळे मिटले असते तर फार बरं झालं असतं. मी मिटले नाहीत. जे बघितलं ते एका माणसाचा चेहरा होता, एवढंच मी सांगेन, आणि त्याच्यात दादाचं जेवढं उरलं होतं तेवढं मला ओळखू आलं.

त्याला वर यायचं नव्हतं. धरायला कोणीतरी हवं होतं फक्त.

"दादा," मी म्हणाले. वहिनीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "वहिनीला मी बघते. सोड आता."

आयुष्यात दादानं माझं एकदाही ऐकलं नव्हतं. दुकानाला रंग कुठला द्यायचा ते घरात पंखा कुठं लावायचा इथपर्यंत, मी एक म्हणाले की तो दुसरं करायचा. आत्ताही त्यानं लगेच सोडलं नाही. मग एकेक बोट सुटत गेलं. शेवटचं बोट बराच वेळ तसंच राहिलं, मग तेही गेलं, आणि सुरीचं पातं खटकन कॅनव्हासला लागलं.

उरलेला रंग मी पुसून काढला. काही नव्हतं त्याखाली. चौकटीवर ताणलेलं कापड आणि मागं माझ्या पट्ट्या. आणि ते कोरडं होतं.

वहिनी खिडकीपासून वळली. तिनं आधी चित्र बघितलं, मग माझा हात. काही न विचारता तिनं फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं, माझ्यासमोर जमिनीवर बसली, त्या सगळ्या ढेकळांमध्ये, आणि माझा हात मांडीवर घेऊन पुसायला लागली. बोटं पुसली, तळवा पुसला. मग मनगटाशी आली.

"काही बोलला?" तिनं मान खाली घालूनच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

काय बोलला, ते तिनं विचारलं नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या हातावर पडत होतं आणि ती मनगट पुसत होती. हिरवा निघाला, काळा निघाला, फडकं दोनदा बदललं. खाली निळसर पट्टे होते, मनगटाभोवती गोल गेलेले. ते निघेनात. तो रंग नव्हता. तिला ते कळलं असणार, कारण तिचा हात हळू झाला. तरी ती पुसत राहिली, आणि मी तिला पुसू दिलं.